एकशे चौदा बळी आणि हुकलेलं कर्णधारपद

१९११ सालचा उन्हाळा इंग्लंडमध्ये बराच काळ लोकांच्या लक्षात राहिला. जूनमध्ये पाचव्या जॉर्जचा राज्याभिषेक झाला, ऑगस्टात पाऱ्यानं उच्चांक गाठला आणि याच मोसमात ‘ऑल इंडिया’ नाव लावलेला पहिला संघ तिथल्या मैदानांवर उतरला. पारशांचे संघ १८८६ आणि १८८८ मध्ये तिकडे जाऊन आले होते. पण हिंदू, मुसलमान, पारशी आणि शीख खेळाडू एकाच संघातून समुद्र ओलांडून गेले ते पहिल्यांदाच. कर्णधार होते पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय अवघं १९. समारंभ आणि मेजवान्यांतून त्यांना क्रिकेटसाठी फारशी सवड झाली नाही आणि बरेच सामने संघाला त्यांच्याशिवायच खेळावे लागले. २३ सामन्यांपैकी जिंकले ६, हरले १५.

या पडत्या मोसमात एका माणसानं ११४ बळी घेतले. सरासरी १८.८४. त्यांतले ७५ बळी प्रथम श्रेणीच्या सामन्यांतले, २०.१२ च्या सरासरीनं. नाव पालवणकर बाळू, डावखुरे फिरकी गोलंदाज, वय पस्तिशीचं. केंब्रिज विद्यापीठाच्या एका डावात त्यांनी १०३ धावांत ८ गडी बाद केले आणि कारकिर्दीतली ती त्यांची सर्वोत्तम कामगिरी ठरली. प्रथम श्रेणीचे दोनच सामने संघानं जिंकले, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. सॉमरसेटविरुद्धचा विजय एका गड्यानं मिळाला आणि तिथं शतक झळकावून नाबाद राहिले ते बाळूंचे धाकटे बंधू शिवराम.

हरणाऱ्या संघातल्या गोलंदाजाची अडचण आकड्यांत दिसत नाही. फलंदाजांनी पुरेशा धावा केलेल्या नसतात, त्यामुळं प्रत्येक चेंडू जपून टाकावा लागतो. अनेकदा प्रतिस्पर्ध्याला दुसऱ्यांदा खेळायची गरजच पडत नाही आणि बळी घ्यायला एकच डाव हाती येतो. शिवाय दौऱ्यात बाळूंचा खांदा दुखत होता. परदेशातला पहिला मोसम, अनोळखी हवा, पूर्वी कधी न पाहिलेले फलंदाज आणि दुखरा हात. इतकं सगळं असूनही त्यांनी शंभरी पार केली.

बेसबॉलच्या जगात ८४ वर्षांनी असाच एक मोसम दिसला. १९९५ मध्ये हिदेओ नोमो हा ओसाकाचा पिचर, म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज, अमेरिकेत लॉस एंजेलिस डॉजर्सकडून उतरला. दोन्ही हात डोक्यावर उंच नेत तो फलंदाजाकडं पूर्ण पाठ फिरवायचा आणि गर्रकन वळून चेंडू सोडायचा. या शैलीला ‘टॉर्नेडो’ असं नाव पडलं. त्याचा फोर्कबॉल फलंदाजाच्या पुढ्यात येऊन अचानक खाली बुडायचा. २ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोत झालेल्या पहिल्या सामन्यात त्यानं पाच डावांत एकही धाव दिली नाही. मोसम संपला तेव्हा त्याच्या नावावर १३ विजय, ६ पराभव, २.५४ ची सरासरी आणि २३६ स्ट्राइकआउट होते. ऑल-स्टार सामन्याची सुरुवात त्याच्या हातानं झाली आणि नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवोदित हा किताबही त्याला मिळाला.

नवोदित तो फक्त अमेरिकेसाठी. जपानमध्ये त्याची किन्तेत्सु बफेलोजकडून पाच वर्षं खेळून झाली होती. १९९० मध्ये, तिथल्या पहिल्याच मोसमात, त्यानं १८ सामने जिंकले होते आणि २८७ स्ट्राइकआउट घेतले होते. त्याआधी तो पोलाद कारखान्याच्या संघातून खेळायचा आणि १९८८ च्या सेऊल ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवणाऱ्या जपानी संघात होता. बाळूंचंही तेच. इंग्लंडनं त्यांना १९११ मध्ये पाहिलं, पण त्यांचा चेंडू त्याच्या वीस वर्षं आधीपासून पुण्याच्या मैदानांवर वळत होता. परदेशातला झळाळता पहिला मोसम पाहणाऱ्याला अचानक उगवल्यासारखा वाटतो. त्यामागचं घडणं घरी झालेलं असतं आणि बहुतेक वेळा ते कोणाच्या लक्षातही आलेलं नसतं.

बाळूंचं घडणं तर मजुरीतूनच झालं. धारवाडात जन्म, मूळ गाव कोकणातलं पालवण, घर चर्मकार समाजातलं, वडील लष्कराच्या नोकरीमुळं पुण्यात. लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅट-चेंडूंवर ही मुलं खेळायला शिकली. पुण्यातल्या एका पारशी क्लबात बाळूंना पहिली नोकरी लागली ती खेळपट्टी झाडण्याची आणि रोलर ओढण्याची. पगार महिना तीन रुपये. पुढं युरोपियनांच्या पूना क्लबात चार रुपये झाले. तिथं रोलर फिरवायचा, चुन्याच्या रेघा मारायच्या, जाळ्या बांधायच्या आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. त्यांच्या आयुष्यावर सर्वांत सविस्तर लिहिणारे इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात, की हॅम्पशायरकडून खेळलेला कॅप्टन ग्रेग इतरांच्या आधी तासभर मैदानावर यायचा आणि बाळूंनी बाद केलं की दर वेळी आठ आणे द्यायचा. म्हणजे महिन्यात आठ वेळा ग्रेगची दांडी उडवली की महिन्याचा पगार वेगळा सुटला.

हे काम जरा जवळून पाहायला हवं. ज्यानं सकाळी रोलर ओढला, त्याला त्या मातीतली प्रत्येक जागा पावलांनी कळते. कुठं ओल धरते, कुठं माती भुसभुशीत आहे, ऊन चढल्यावर कुठं पोपडा सुटणार, हे त्याला चेंडू टाकण्याआधीच ठाऊक असतं. डावखुरा फिरकी गोलंदाज उजव्या हाताच्या फलंदाजाला मधल्या यष्टीवर टप्पा टाकून चेंडू बाहेर काढतो. पण तो चेंडू वळणार किती, उसळणार की खाली राहणार, हे टप्प्याच्या वीतभर जागेवर ठरतं. जाळीत तासन्‌तास, दिवसामागून दिवस, कसलेल्या फलंदाजापुढं गोलंदाजी करताना आणखी एक गोष्ट हाताला लागते. फलंदाज पुढचं पाऊल केव्हा उचलतो आणि केव्हा त्याचा विचार बदलतो, ते दिसू लागतं. हवेत थोडा जास्त रेंगाळलेला चेंडू त्याच क्षणाला फसवतो.

आणि या सगळ्या तासांमध्ये बाळूंना एकदाही फलंदाजी करायला मिळाली नाही, असं गुहा नोंदवतात. साहेबांच्या खेळात फलंदाजी हा खेळाडूचा मान, तर चेंडू टाकणं हे गड्याचं काम. कसब दोघांकडून लागत होतं, पण एकालाच त्याचा आनंद घेण्याची मुभा होती.

पुण्याच्या हिंदू संघानं बाळूंना घेतलं ते बऱ्याच वादानंतर, कारण युरोपियनांना हरवायचं तर त्यांच्याशिवाय भागणार नव्हतं. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातून फिरायचा. चहाची वेळ झाली की सगळे तंबूत जाऊन कपातून चहा घेत आणि बाळूंना तो बाहेर, मातीच्या बोळक्यात मिळे. जेवणाचं ताट वेगळं, बसायची जागाही वेगळी. त्यांनी टाकलेला चेंडू झेलताना ज्या हातांना विटाळ होत नव्हता, त्याच हातांना त्यांच्या कपाचा होत होता. पुढं साताऱ्याच्या एका सामन्यात त्यांनी यजमान युरोपियन संघ गुंडाळला, तेव्हा पुण्यात त्यांचा सत्कार झाला आणि न्यायमूर्ती रानड्यांनी त्यांना जाहीरपणे गौरवलं. हळूहळू बोळकं मागं पडलं. पण विजय मिळाला म्हणून ते मागं पडलं, हे इथं लक्षात ठेवायला हवं, कारण पुढच्या सगळ्या वादाचं मूळ तिथंच आहे.

पुण्यात प्लेग आला तेव्हा, १८९६ च्या सुमारास, बाळू मुंबईला गेले. तिथं रेल्वेची नोकरी मिळाली आणि हिंदू जिमखान्याच्या संघात जागाही मिळाली. शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे भाऊही पुढं याच संघातून खेळले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघानं बॉम्बे जिमखान्यावर युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं, तेव्हा गोलंदाजीची मुख्य धुरा बाळूंनी वाहिली होती. ज्या जिमखान्यात हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं, त्याच जिमखान्याच्या हिरवळीवर हा पराक्रम झाला. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ या सुधारकी साप्ताहिकानं त्यात आणखी एक गोष्ट टिपली. चर्मकार भावांना सामावून घेतलं म्हणून हा संघ जिंकला, असा त्याचा रोख होता.

म्हणून १९११ चा दौरा हा बाळूंच्या दृष्टीनं शिखराचा क्षण होता. इंग्लंडच्या मैदानांवर त्यांची जात कोणाला ठाऊक नव्हती. तिथं ते गोऱ्यांच्या नजरेत ‘नेटिव्ह’ होते, हे खरं, आणि साम्राज्याच्या राजधानीत त्या नजरेला कमी लेखण्याची सवयही होती. पण धावफलकावर नाव लिहिताना तिथं दुसरा प्रश्न आड येत नव्हता. प्रशांत किदंबी यांनी या दौऱ्यावर ‘क्रिकेट कंट्री’ हा ग्रंथ लिहिला आहे. राजा, कारकून, विद्यार्थी आणि रेल्वेतला कामगार यांना एकाच संघात पाहून त्या काळच्या हिंदुस्थानात एकीची कल्पना कशी आकार घेत होती, ते त्यातून दिसतं. त्या चित्रात संघाचा भार ज्याच्या हातावर होता, तो सर्वांत तळाच्या पायरीवरून आलेला होता.

मुंबईला परतल्यावर बाळूंचं जोरदार स्वागत झालं. दलित समाजाला तर तो आपलाच विजय वाटला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणारे विशीतले भीमराव आंबेडकर त्यांचे चाहते होते. आपल्यातला एक माणूस विलायतेत जाऊन साहेबांना बाद करून आला, या बातमीनं त्या तरुण मनांना काय दिलं असेल, याची कल्पना आज करणंही अवघड आहे.

पुढचा प्रश्न साधा होता. हिंदूंचा सर्वांत अनुभवी आणि सर्वांत यशस्वी खेळाडू संघाचा कर्णधार का होऊ नये? परदेशातल्या यशाची खरी कसोटी इथं लागली.

बाळू कर्णधार झाले नाहीत. १९१३ मध्ये ते पद मुकुंद पै यांच्याकडं गेलं. सत्काराच्या सभेत पै यांनीच सांगितलं, की हा मान ज्येष्ठतेनं आणि अनुभवानं बाळूंचा होता. ज्याला पद मिळालं त्यालाही हे मान्य होतं आणि तरी निर्णय बदलला नाही. गोलंदाजी देऊन टाकता येते. बळी मिळाले तर ते संघाचे आणि नाही मिळाले तर गोलंदाजाचं अपयश. कर्णधाराचं तसं नसतं. त्यानं सांगितलेल्या जागी इतरांना उभं राहावं लागतं. कोणी कधी चेंडू टाकायचा, कोणी थांबायचं, हे तो ठरवतो. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या कसबाचा फायदा घ्यायला समाज तयार होता, पण त्याच्या हुकमात उभं राहायला तयार नव्हता.

नोमोच्या बाबतीत अडसर वेगळा होता. जपानी करारानं खेळाडू आपल्या संघाशी जखडलेला असायचा आणि मोकळं व्हायला बरीच वर्षं सेवा करावी लागायची. नोमो आणि त्याचा प्रतिनिधी डॉन नोमुरा यांनी करारातली एक फट शोधली. स्वेच्छेनं निवृत्त झालेला खेळाडू जपानमध्ये दुसऱ्या संघाकडं जाऊ शकत नव्हता, पण परदेशात खेळण्यावर तशी बंदी नव्हती. २६ व्या वर्षी नोमोनं निवृत्ती जाहीर केली आणि तो निघून गेला. मायदेशात त्याला कृतघ्न ठरवलं गेलं. काही महिन्यांतच टोकियोतले लोक सकाळी रस्त्यावरच्या भल्यामोठ्या पडद्यांसमोर थांबून त्याचे सामने पाहू लागले. त्याच्यामागून इचिरो सुझुकी गेला, पुढं शोहेई ओतानी गेला. १९९८ मध्ये दोन्ही देशांच्या लीगनी खेळाडूंच्या देवाणघेवाणीची रीतसर पद्धत ठरवली.

वरवर पाहता वाटतं, की नोमोच्या त्या झळाळत्या मोसमानं दार उघडलं. क्रम नीट लावला तर दिसतं, की दार आधी उघडलं, तेही त्यानं स्वतः, निवृत्तीच्या कागदावर सही करून. त्या सहीत सगळी कारकीर्द पणाला लागली होती. अमेरिकेत तो अपयशी ठरला असता तर परत यायला जागा उरली नसती. मोसम चमकला म्हणून ते दार परत कोणाला लावता आलं नाही, एवढं श्रेय मोसमाचं.

पालवणकर भावांची गोष्ट याच क्रमानं वाचावी लागते. ११४ बळींनी कर्णधारपद आणलं नाही. १९२० मध्ये, हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन संघांच्या चौरंगी स्पर्धेच्या वेळी, बाळूंना संघातून वगळलं गेलं. कर्णधार पै आजारी पडले, तेव्हा त्यांच्या जागी विठ्ठल यांचा हक्क डावलून प्रा. दि. ब. देवधरांची निवड झाली. देवधर मोठे खेळाडू होते, त्यांच्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती निवडीमागच्या कारणाबद्दल. विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि त्यांनी जाहीर निवेदन काढून सांगितलं, की हा अपमान आम्ही मुकाट्यानं सोसणार नाही. वर्तमानपत्रांत वाद पेटला. काळही बदलत होता. त्याच महिन्यांत गांधींनी अस्पृश्यतेचा प्रश्न राष्ट्रीय चळवळीच्या मध्यभागी आणायला सुरुवात केली होती. अखेर तडजोड झाली. पुढच्या सामन्यासाठी दोघे भाऊ परतले, बाळूंना उपकर्णधार म्हणून बोलावलं गेलं आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा संघाची सूत्रं बाळूंच्या हाती आली. पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, काही तासांपुरती.

१९२३ मध्ये विठ्ठल रीतसर कर्णधार झाले. त्या वर्षी अंतिम सामन्यात हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी विठ्ठल यांना खांद्यावर घेतलं. ज्यांच्या घरांत या माणसाला ओटीच्या आत येऊ दिलं नसतं, असेही लोक त्यांत असणार. विठ्ठल यांनी नंतर ‘माझे क्रीडा-जीवन’ या नावानं मराठीत आत्मचरित्र लिहिलं. ते आहे म्हणून या घराण्याची कहाणी आज इतक्या तपशिलानं सांगता येते.

बळींशिवाय नकाराला वजन आलं नसतं, हे कबूल करायलाच हवं. कोणी अनोळखी खेळाडू संघाबाहेर पडला असता तर त्याची बातमीही झाली नसती. वीस-पंचवीस वर्षांच्या गोलंदाजीनं भावांच्या पाठीशी लोकमत उभं केलं होतं. तरीही कामगिरीनं माणूस फक्त अशा जागी पोहोचतो, जिथून त्याचा नकार ऐकू जातो. नकार त्याला वेगळाच द्यावा लागतो आणि तो देताना सगळं गमावण्याची तयारी ठेवावी लागते. खेळाडूंच्या चरित्रांतून आपण पहिला भाग हौसेनं सांगतो आणि दुसरा एखाद्या वाक्यात उरकतो. मुलांना मेहनत शिकवणं सोपं जातं. मेहनत करूनही हक्क नाकारला गेला तर काय करायचं, हे शिकवणं घराला आणि शाळेला अवघड वाटतं.

बाळूंनी आपल्या आयुष्याचा जो अर्थ लावला, तो मात्र भावांच्या त्या निवेदनाइतका करारी नव्हता. त्यांनी एका आयुष्यात बोळक्यापासून पंगतीपर्यंतचा प्रवास पाहिला होता. सवर्ण हिंदू बदलतात, सावकाश का होईना बदलतात, हा त्यांचा स्वतःचा अनुभव होता आणि त्या अनुभवाला नाकारण्याचं कारण त्यांच्यापाशी नव्हतं. सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३५ मध्ये येवल्याच्या परिषदेत आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, तेव्हा बाळू धर्मांतराच्या विरोधात उभे राहिले. १९३७ च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना राखीव जागेवर थेट आंबेडकरांसमोर उभं केलं. सुमारे दोन हजार मतांनी आंबेडकर जिंकले.

या लढतीकडं एकानं दुसऱ्याशी केलेली प्रतारणा म्हणून पाहणं अन्यायाचं होईल. दोघांनीही तेच दुःख भोगलं होतं. बाळूंचा विश्वास त्यांच्या हातातून आला होता, ज्या हातानं प्रत्येक दार थोडं थोडं ढकललं. आंबेडकरांचा प्रश्न मात्र त्यांच्यासाठी होता, ज्यांच्याकडं तसा हात नाही. चेंडू वळवता येणाऱ्या माणसाला कपातून चहा मिळाला. ज्याला चेंडू वळवता येत नाही, बाद करता येत नाही, जो केवळ दिवसभर राबून घरी जातो, त्याला कशाच्या बदल्यात मिळणार? माणुसकीचा हक्क पराक्रमाचं बक्षीस म्हणून मिळत असेल, तर सामान्य माणूस त्यापासून कायम वंचित राहतो. या मुद्द्यावर आंबेडकरांचं म्हणणं अधिक पक्कं आहे, आणि बाळूंच्या चरित्रावर प्रेम करणाऱ्यानंही ते मान्य करावं असं आहे. एका अपवादाचा गौरव समाजाला पुष्कळदा सोयीचा असतो, कारण त्यामुळं नियम तसाच ठेवता येतो.

जुलै १९५५ मध्ये बाळू गेले. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ बळी, सरासरी १५.२१, एवढी नोंद मागं राहिली. भारताचा पहिला कसोटी सामना १९३२ मध्ये झाला, तेव्हा ते पन्नाशी ओलांडून गेले होते. त्यानंतरच्या नव्वदहून अधिक वर्षांत कसोटी खेळलेल्या भारतीयांमध्ये दलित समाजातून आलेल्यांची संख्या अगदी थोडी आहे. नोमोच्या मागून जपानी पिचरांची रांग लागली, तशी बाळूंच्या मागून लागली नाही. नोमोनंतर नियम बदलला, तो सगळ्यांसाठी. बाळूंनंतर एका घराण्याचा मान वाढला, पण जिथून खेळाडू तयार होऊन वर येतात ती खालची व्यवस्था तशीच राहिली.

ती खालची व्यवस्था आज कशी आहे, हे एखाद्या तालुक्यात जाऊन पाहता येतं. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या अगदी उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी सोयगाव आहे. अजिंठ्याची लेणी याच तालुक्यात येतात. लेण्यांच्या जतनासाठी आणि पर्यटनाच्या सोयींसाठी जपाननं गेली काही दशकं अर्थसाहाय्य दिलं आहे, फर्दापूरला जपानी प्रवाशांच्या गाड्या थांबतात, त्यामुळं नोमोचा देश इथल्या लोकांना तसा परका नाही. तालुका कापसाचा. संध्याकाळी मोकळ्या रानात मुलं टेनिसचा चेंडू घेऊन खेळतात आणि त्यांत एखादा डावखुरा असा असतोच, ज्याचा चेंडू काळ्या मातीवर टप्पा पडून हातभर वळतो. त्याला पाहायला कोण येतं, हा बाळूंच्या चरित्राचा आजचा प्रश्न आहे.

जिल्ह्याचं ठिकाण, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद, इथून शंभर किलोमीटरहून लांब. मराठवाड्यातले जिल्हे महाराष्ट्र क्रिकेट संघटनेच्या कक्षेत येतात आणि तिचं मोठं मैदान पुण्याजवळ गहुंजे इथं आहे. लेदरचा चेंडू, पॅड, बूट, चाचणीसाठी जाण्यायेण्याचं भाडं आणि तेवढ्या दिवसांची बुडालेली मजुरी, हा हिशेब घरी आधी मांडला जातो. दार पूर्ण बंद आहे असं नाही. मराठवाड्याच्या मातीतून खेळाडू गेले आहेत. डिसेंबर २००१ मध्ये मोहालीच्या एकाच कसोटीत औरंगाबादचा इक्बाल सिद्दीकी आणि बीडचा संजय बांगर या दोघांनी पदार्पण केलं. तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ मध्ये १९ वर्षांखालचा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता. ही नावं सांगताना अभिमान वाटतो, आणि ती बोटांवर मोजण्याइतकी आहेत याची खंतही वाटते.

आंबेडकरांनी १९५० मध्ये याच औरंगाबादेत पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं महाविद्यालय सुरू केलं. मिलिंद महाविद्यालय म्हणून ते ओळखलं जातं. मराठवाड्याच्या खेड्यांतली दलित आणि गरीब मुलं तिथल्या वसतिगृहांत राहून शिकली आणि त्यांतून कवी, प्राध्यापक, अधिकारी उभे राहिले. तिथं प्रवेश मिळण्यासाठी आधी कोणाला बाद करून दाखवावं लागत नव्हतं. शिक्षणात जे घडलं त्याची खेळातली जोडी मात्र अजून तालुक्यांपर्यंत आलेली नाही.

नोमोनं स्वतः याचं एक उत्तर दिलं आहे. तो ज्या कारखान्याच्या संघातून पुढं आला होता, तो संघ नव्वदच्या दशकातच बंद झाला. आर्थिक मंदीत जपानमधले असे कितीतरी संघ मोडले आणि शाळा सुटल्यावर कोणत्या संघात जावं, हा प्रश्न तरुणांपुढं उभा राहिला. २००३ मध्ये, अमेरिकेत खेळत असतानाच, नोमोनं ओसाकाजवळच्या साकाईत हौशी खेळाडूंसाठी ‘नोमो बेसबॉल क्लब’ काढला. स्वतःच्या २०१ विजयांची आठवण ठेवण्यासाठी त्याला एखादा पुतळा चालला असता. त्यानं तसं केलं नाही. ज्या पायरीवरून तो चढला होता ती पायरी मोडली, तेव्हा त्यानं ती पुन्हा बांधली.

सोयगावसारख्या तालुक्यात पायरी बांधायची तर यादी फार लांब नाही. एक सपाट, राखलेली खेळपट्टी आणि तिच्यावर रोलर ओढणाऱ्याला नेटमध्ये बॅट धरायची मुभा. चाचणीला जाणाऱ्या मुलाचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई. संघ निवडणाऱ्यांच्या खुर्च्यांमध्ये तालुक्यातली, वाड्यावस्त्यांवरची माणसं, ज्यांना तो डावखुरा मुलगा नावानं ठाऊक आहे. आणि शाळेच्या, तालुक्याच्या, जिल्ह्याच्या संघाचा कर्णधार ठरवताना आडनाव न पाहण्याची शिस्त, जी १९१३ मध्ये मुंबईच्या जाणत्या मंडळींना पाळता आली नाही.